मुकी पाठवणी

"ए बँडवाले, बंद करा ते पिपाणं. डीजे आला."

सांगणारा माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. राखाडी सफारी, खांद्यावर मानाचा टॉवेल, समोरचा एक दात सोन्याचा. मी ट्रंपेट ओठाला लावून गाण्याच्या ऐन मध्यात होतो. वाजवता वाजवताच मी सुपडू मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून काढली नाही, नुसती भुवई उचलली. म्हणजे, घेतलेली ओळ पुरी करा. आमच्या बँडात तसा दंडकच होता. जगबुडी आली तरी ओळ अर्धी टाकायची नाही. पण सफारीवाल्याला कसला दंडक. तो दोन पावलं पुढे आला आणि त्याने झिपरूच्या ढोलावर पंजा दाबून धरला.

"ऐकू येत नाही का? बंद म्हणजे बंद."

ढोल गप झाला, आणि ढोल गप झाल्यावर बँडात उरतं काय? मागून ट्रॉलीवर रचलेली डीजेची खोकी आली. पहिल्याच दणक्याला नवरदेवाची घोडी बुजली, भिंतीवरची कबुतरं उडाली, आणि मघापासून आमच्याकडे पाठ करून उभी असलेली पोरं नाचायला धावली.

"तिथं भिंतीला लागून उभे रहा," सफारीवाला म्हणाला. "व्हिडिओत लाल कोट बरे दिसतात."

राहिलो उभे. वैशाखातलं खानदेशातलं ऊन, अंगात जाड लाल कोट, खांद्यावर जरीचे झुबके, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि हातात बंद पडलेली वाद्यं. व्हिडिओवाला एकदाच आमच्यावरून कॅमेरा फिरवून गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण सांगणार कुणाला? मास्तर मात्र ताठ उभे होते. वरात देवळाकडे वळली तेव्हा त्यांनी क्लॅरिनेट फडक्याने पुसली आणि म्हणाले, "चला रे. अलकाची घेऊ."

आमच्या गावाबाहेर शाळेमागे एक निंबाचं झाड होतं. तिथे कोट काढून आम्ही गोल बसलो, आणि मघाशी ज्यांना कुणी ओळ पुरी करू दिली नाही त्या माणसांनी कुणी ऐकत नसताना वाजवायला सुरुवात केली.

आता अलका कोण, ते सांगतो. अलका मास्तरांची एकुलती पोरगी. आई तिची लहानपणीच गेली. आमच्या कोटांना इस्त्री करत करतच ती मोठी झाली. कुणाच्या कोटाचं कोणतं बटण तुटलंय ते त्याच्या आधी तिला कळायचं. तिचं लग्न हिवाळ्यातच ठरलं होतं आणि लग्नसराईच्या शेवटी तिथी धरली होती. त्या लग्नात पाठवणीच्या वेळी वाजवायला मास्तरांनी स्वतः एक धून बांधली होती. कुठल्या सिनेमातली नाही, कुणाकडून घेतलेली नाही. तिला नावही नव्हतं. आम्ही 'अलकाची' म्हणायचो.

"उभ्या जन्मात दुनियेच्या पोरी वाटेला लावल्या मी," मास्तर म्हणायचे. "माझी एक राहिलीय."

आणि खोटं नव्हतं ते. सुपडू मास्तरांनी पाठवणी वाजवली की वरपक्षाच्या बायासुद्धा पदर डोळ्याला लावायच्या. मी त्यांच्या डाव्या हाताला उभा राहून वाजवायचो, तेव्हा पाठवणीला त्यांच्या तोंडाकडे कधी बघायचो नाही, बोटांकडे बघायचो. तोंडाकडे बघितलं की माझाच सूर हलायचा.

त्या धुनेचा एक नियम होता. तोही आमच्यातलाच जुना. पोरीसाठी नवी पाठवणी बांधली, तर ती पोरगी मांडवातून पाऊल बाहेर टाकत नाही तोवर शेवटची ओळ वाजवायची नाही. आधी वाजली तर अपशकुन. त्यामुळे निंबाखाली रोज आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत यायचो आणि तिथे थांबायचो. ती ओळ आमच्यापैकी कुणीच ऐकली नव्हती. ती फक्त मास्तरांच्या बोटांत होती.

"अहो, पण आम्हाला ऐनवेळी जमंल कशी?" झिपरूने एकदा विचारलं. झिपरू आमचा ढोलवाला. बोलायला तिखट आणि मनाने लोणी.

"शेवटची ओळ मी एकटा वाजवीन. तुम्ही फक्त खाली सूर धरून रहा," मास्तर म्हणाले. "तेवढं झालं तरी पुष्कळ."

त्या साली आमच्या सप्तरंग ब्रास बँडचे हाल कुत्रं खात नव्हतं. चांगले वाजवणारे एकेक करून निघून गेले होते, कुणी वीटभट्टीवर, कुणी केळीच्या ट्रकवर. पण ठरवताना लोक माणसं मोजून घ्यायचे. पंधरा म्हणजे पंधरा लाल कोट दिसले पाहिजेत. मग मास्तर गावोगावचे चार-पाच रिकामे लोक उचलायचे, त्यांना कोट-टोपी चढवायचे आणि हातात वाद्य द्यायचे. ते नुसतं तोंडाला लावून उभे राहायचे. त्यांना आम्ही 'मुके' म्हणायचो. बाकीच्या बँडांतही मुके असायचे, पण ते उगाच गाल फुगवून बोटं वळवळत राहायचे. मास्तरांना ते खपत नसे.

"फुंकू नका," ते मुक्यांना सांगायचे. "पण बोटं खरी चालवा. बघणाऱ्याला कळत नाही, वाजवणाऱ्याला कळतं."

झिपरू हसायचा. "मास्तर, तुम्ही तर मुक्याला भजन शिकवू राहिले."

पण मुके शिकले. निंबाखाली तेही वर्तुळात बसायचे. त्यांच्या वाद्यांतून आवाज निघत नसे, पण बोटं बरोबर पडायची. अलकाची धूनसुद्धा त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत बोटांनी पाठ झाली होती. मला तेव्हा वाटायचं, मास्तरांना खूळ लागलंय.

मग तो फाट्यावरचा दिवस आला. कुण्या पुढाऱ्याच्या स्वागताला आम्हाला सकाळपासून उभं केलं होतं. सावलीला झाड नाही, प्यायला पाणी नाही. कार्यकर्ते दर थोड्या वेळाने येऊन सांगायचे, निघालेत, निघालेत. दुपार कलली तेव्हा काचा वर केलेल्या तीन गाड्या धुरळा उडवत आल्या आणि तशाच निघून गेल्या. थांबल्या नाहीत, हळूही झाल्या नाहीत. त्या पार पुढच्या वळणाला गेल्यावर एक कार्यकर्ता ओरडला, "वाजवा रे, वाजवा."

आणि आम्ही धुरळ्याला वाजवलं. काय करणार.

गाणं संपलं तेव्हा हिलाल, आमचा मोठा बाजा वाजवणारा, रस्त्याच्या कडेला गेला. त्याने बाजा एका दगडावर नीट ठेवला, समोरून येणाऱ्या एसटीला हात केला आणि चढला. कोट-टोपीसकट. खिडकीतून त्याचा तुरा तेवढा दिसत राहिला.

"दुष्काळात तेरावा महिना," झिपरू म्हणाला. "आता त्या बाजामागंही मुकाच उभा करा. हळूहळू सगळेच मुके झालो की बँड पुरा होईल."

मास्तरांनी बाजा उचलला, आपल्या फडक्याने पुसला आणि टेम्पोत ठेवला. त्या दिवशी मी ठरवलं की आता बास. परतीच्या वाटेवर मी त्यांच्या शेजारी बसलो.

"मास्तर, सुरतहून चुलतभावाचा निरोप आलाय. कापडाच्या मागावर काम आहे."

"चांगलं आहे."

"जाईन म्हणतो."

"जा की." मग म्हणाले, "अलकाची पाठवणी झाल्यावर जा. वरचा सूर तुझ्याशिवाय कुणाला पेलायचा नाही."

"तोवर आहेच मी," मी म्हणालो. "ती वाजवल्याशिवाय कुठं जातो?"

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. लग्नापर्यंत थांबायचं, हे झिपरूचंही ठरलं होतं, बाकीच्यांचंही. तिथून पुढे आम्ही जे काही सोसलं, ते त्या एका लग्नाच्या आशेवर. एकदा तरी पूर्ण बँड, पूर्ण धून, आपल्या माणसाच्या दारात, आणि कुणी ढोलावर पंजा ठेवणार नाही. साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला वाजवताना लोक कानात बोटं घालून गेले, तरी आम्ही मनात म्हणायचो, होऊ दे, अलकाचं लग्न आलंच आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे मास्तरांच्या अंगणात जमलो. चिंच आणि राख घेऊन पितळ घासायला बसलो. हिलालसुद्धा आला होता, मान खाली घालून. त्याचा बाजा त्यानेच घासला. घरात अलका कोटांना इस्त्री करत होती. पितळ असं चमकायला लागलं की झिपरू त्यात बघून मिशी विंचरत होता. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच आम्ही हसत होतो.

तेवढ्यात अलकाचा मामा आला, उत्तम मामा. लग्न जमवणारा तोच. दारातच थबकला.

"दाजी, हे काय मांडलंय?"

मास्तर उठले. "काही नाही. घासू राहिले, एवढंच."

"यांना सांगितलं नाही का तुम्ही अजून?"

आमचे हात जागच्या जागी थांबले.

"काय सांगायचं?" झिपरूने विचारलं.

उत्तम मामाने एकदा मास्तरांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. माणूस वाईट नव्हता तो, आजही म्हणेन. "हे बघा भो, राग मानू नका. मुलगा सरकारी क्लार्क आहे. घर मोठं आहे त्यांचं. तिथं बँडवाल्याची पोरगी म्हटल्यावर कोण उभं करणार होतं? मी सांगितलंय, बाप सूतगिरणीत आहे."

"कोणत्या सूतगिरणीत?" झिपरू म्हणाला.

"झिपरूभाऊ, आता तुम्ही—"

"नाही, नाव तरी कळू द्या. उद्या पाव्हण्यांनी विचारलं तर?"

"डीजे त्यांचा येऊ राहिला," मामा मास्तरांना म्हणाला. "बँडाचं नावही काढायचं नाही. हे कोट आतल्या खोलीत टाका आणि कुलूप लावा. पोरीचं वाटोळं करू नका, दाजी."

अलका दारात येऊन उभी राहिली होती. हातावर इस्त्री केलेल्या कोटांची चळत. "आप्पा, मी सांगते त्यांना," ती म्हणाली. "खरं काय ते मी सांगते. मोडलं तर मोडू द्या."

"आत जा," मास्तर म्हणाले.

"मला तुमची धून पाहिजे."

"आत जा म्हटलं ना, अलका. दारात नळ आहे तिथं. डोक्यावर सिमेंटचं छत आहे. धून घेऊन काय चाटायची आहे?"

मास्तर असं तोडून कधी बोलायचे नाहीत. अलका तशीच उभी राहिली. मग वळली आणि कोट घेऊन आत गेली. मामाही गेला. अंगणात घासलेलं पितळ उन्हात चकाकत होतं आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"हे तुम्हाला हिवाळ्यापासून ठाऊक होतं?" मी विचारलं.

"होतं."

"आणि उन्हाळाभर आमच्याकडून ती घोटून घेतली. रोज. अंगाची लाही होत असताना. कशासाठी, मास्तर? जी वाजायचीच नव्हती ती कशासाठी?"

मास्तर खाली बसले. हिलालच्या बाजावर एक राखेचा ठिपका राहिला होता, तो अंगठ्याने पुसत बसले.

"मला वाजवायची होती रे आधार," ते म्हणाले. "त्या निंबाखालीच काय ती वाजणार होती. दुसरीकडं कुठं?"

झिपरूने ढोलाचं टिपरू अंगणात भिरकावलं. "मी उद्या येणार नाही," म्हणाला. "जेवायला बोलावू राहिले का? मला नको तुमचं जेवण."

"सगळ्यांनी यायचं," मास्तर मान वर न करता म्हणाले. "साध्या कपड्यांत. पोरीला आपली माणसं दिसली पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी झिपरूच आला. पांढरा सदरा घालून, केसांना तेल लावून. हिलाल आला, मुके आले. मांडवाच्या कडेला भिंतीशी आम्ही ओळीने बसलो. गंमत बघा, सवयीने बसलो तेही वाजवायच्या क्रमाने. ट्रंपेट पुढे, बाजे मागे, ढोल कडेला. मास्तर समोर, फेटा बांधून, वधूपित्याच्या जागी. फेट्यात ते मला ओळखूच येईनात.

मंगलाष्टकं संपत आली. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या आणि कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "वाजवा रे वाजवा."

माझा हात वर गेला. ओठापाशी जाऊन थांबला तेव्हा कळलं की हातात काही नाही. शेजारी बघितलं तर सगळ्यांचे हात वर. हिलालने तर छाती फुगवून श्वाससुद्धा घेतला होता. समोर मास्तरांचे दोन्ही हात उचलले गेले होते. ते त्यांनी तसेच मिशांवर फिरवले आणि खाली घेतले. तेवढ्यात डीजेचा दणका बसला आणि मांडवाचं कापड थरथरलं.

जेवताना माझ्यासमोर कोण येऊन बसावं? राखाडी सफारी. सोन्याचा दात. नवरदेवाचा चुलता निघाला तो. झिपरूचा घास हातातच राहिला.

"मुलीकडचे का तुम्ही?" त्याने विचारलं.

"हो."

"कुठंतरी पाहिलंय तुम्हाला."

"पाहिलं असेल. बाजारात वगैरे."

"सूतगिरणीतच का?"

"हो. मास्तरांच्या हाताखाली." शब्द गेला तो गेला.

"मास्तर?"

"खात्याचे मास्तर आहेत ते," झिपरू मधेच म्हणाला. "धागा कुठं तुटला ते डोळे मिटून सांगतात."

सफारीवाल्याने मान हलवली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "ओठाला काय झालं हो?"

ट्रंपेट वाजवणाऱ्याच्या वरच्या ओठावर गोल वण पडतो. तो काही कोटाबरोबर कुलपात ठेवता येत नाही.

"लहानपणी विहिरीवर पडलो," मी म्हणालो.

"जपायचं," तो म्हणाला आणि जिलेबी वाढणाऱ्याला हाक मारली. संपलं. ज्याच्या अंगावर माझा श्वास पडत होता इतक्या जवळून त्याने मला वाजवताना बघितलं होतं, त्या माणसाने मला ओळखलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. जेवण मात्र गेलं नाही.

मग पाठवणी. पुढे डीजेची ट्रॉली, तिच्यामागे फुलांनी सजवलेली गाडी. डीजेवाल्याने कसलंतरी नाचाचं गाणं लावलेलं, त्याने छातीत धडधडत होतं. आम्ही दाराबाहेर भिंतीला लागून उभे. अलका मांडवातून बाहेर आली. मावश्यांच्या पाया पडली, शेजारणींच्या पडली, आणि सरळ आमच्याकडे वळली. उत्तम मामाने डोळे मोठे केले, पण तिने तिकडे बघितलंच नाही. झिपरूच्या पाया पडली तेव्हा तो "असू दे, असू दे पोरी" म्हणत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "आधारदादा, तुमच्या कोटाचं तिसरं बटण लावायचं राहून गेलं."

मी नुसती मान हलवली.

मग ती मास्तरांपुढे गेली आणि त्यांच्या गळ्यात पडली. मास्तरांनी दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवले. डावा वर, उजवा खाली. मी इतकी वर्षं त्या बोटांकडे बघत आलो होतो, म्हणून मलाच आधी दिसलं. मास्तरांनी श्वास घेतला. सूर लावायच्या आधी घेतात तो. आणि त्यांची बोटं तिच्या पाठीवर चालू लागली.

मी झिपरूला कोपर मारलं. "बघ."

झिपरूने बघितलं. त्याचा तळहात मांडीवर पडला, मग पुन्हा पडला. ठेका धरला त्याने. माझी तीन बोटं माझ्याच पोटावर दाबली जाऊ लागली. पलीकडे हिलाल, त्याच्यापुढे मुके. सगळ्यांची बोटं चालत होती आणि एकाचंही बोट चुकत नव्हतं. डीजे आमच्या कानाशी बोंबलत होता. त्यातून मला धून सगळी ऐकू येत होती, शपथेवर सांगतो, सूर न् सूर.

अलका रडायची थांबली. बापाच्या खांद्यावर कपाळ टेकून ती अगदी स्थिर उभी राहिली. तिला कळलं होतं.

"चला, सूनबाई," नवऱ्याचा बाप म्हणाला. "दिवस कलला."

ती हलली नाही. बाया कुजबुजायला लागल्या. सफारीवाला पुढे झाला. "पुरे आता. सोडा तिला, व्याही," म्हणत त्याने मास्तरांच्या हाताकडे पंजा नेला. तो पंजा पोचायच्या आत झिपरूने त्याचं मनगट धरलं.

"ओळ पुरी होऊ द्या, भाऊ."

"कसली ओळ?"

झिपरूने मनगट सोडलं नाही.

आम्ही नेहमी जिथे थांबायचो ती जागा आली. आमची बोटं थांबली आणि ठरल्याप्रमाणे आम्ही सूर धरून उभे राहिलो. पुढे मास्तर एकटे गेले. शेवटची ओळ. मी डोळे फाडून बघत होतो. पण अलकाचा पदर पाठीवर आलेला, वरचा हात पदराखाली झाकलेला. मला दिसत होता तो फक्त खालचा हात. तीन बोटं उठत होती, पडत होती, मधेच एकदा बराच वेळ थांबली, मग एकेक करून खाली आली आणि तिथेच राहिली.

अलकाने डोकं उचललं. बापाच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि स्वतः चालत जाऊन गाडीत बसली. झिपरूने सफारीवाल्याचा हात सोडला. गाडी गेली, ट्रॉली गेली, आवाज लांब लांब जात बंद झाला.

मास्तर आमच्याजवळ आले. फेटा सोडून हातात घेतला होता.

"मास्तर," झिपरू म्हणाला, "शेवटची ओळ आम्हाला काही कळली नाही."

"सूर धरला होता ना तुम्ही?"

"धरला होता."

"मग झालं." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "जेवलात ना रे सगळे?"

आम्ही हो म्हणालो. त्यानंतर सप्तरंग बँड पुन्हा उभा राहिला नाही. मोडला असं कुणी म्हटलं नाही, पण जमलाही नाही. मी सुरतला गेलो. मास्तर वारले तेव्हा मी तिकडेच होतो, निरोप उशिरा मिळाला. झिपरू सांगत होता, अंत्ययात्रेला वाजवायला कुणीच नव्हतं.

कापडाच्या मागावर माझं वय गेलं. तिथल्या खडखडाटात कुणाचं काही ऐकू येत नाही, त्यामुळे एक बरं असतं, बोटं चालली तरी कुणी विचारत नाही. अलकाची धून मी पुष्कळदा घेतो. शेवटच्या ओळीला आलो की खालच्या हाताचं तेवढं मला येतं. वरच्या हाताचं अलकाच्या पाठीला ठाऊक. ती नाशिककडे असते म्हणतात.